आगीत सगळं शुद्ध होत नाही, भाऊ



कपाशीच्या शेवटच्या वेचण्या चालू आहेत, हरभरा फुलावर आलाय, आणि संध्याकाळी सहानंतर शिवारात जिकडं बघावं तिकडं बांधावर धूर. भरीत पार्ट्या सुरू झाल्या. वांगं बामणोदचं घ्यायचं की आसोद्याचं, मिरची किती टाकायची, काड्या कपाशीच्या की तुरीच्या, यावर आमच्याकडं सख्ख्या भावांत वाद होतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान तर विचारू नका. पण ते मानांकनाचं वांगं ज्या जाळीवर ठेवता ती जाळी शेवटची कधी घासली, असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं : "अरे भो, आगीत सगळं शुद्ध होतं."

आज या एका वाक्याविरुद्ध लिहितोय. कारण हे वाक्य मी स्वतः बोललोय, आणि ज्यांना बोललो ते माझे मामा आहेत.

मामा माळकरी. दोन वर्षांपूर्वी मळ्यात भरिताला बोलावलं. पूर्वी वांगी थेट काड्यांच्या जाळात भाजायचो, जाळी लागायचीच नाही. आता कोंबडी, मासे, पनीर, कणसं सगळंच भाजायचं असतं, म्हणून मीही बॅरल उभं कापून शेगडी केली होती आणि वर जाळी टाकली होती. मामांनी विचारलं, "हिच्यावर कोंबडी भाजता का रे?" मी म्हटलं, "भाजतो मामा, पण आगीत सगळं शुद्ध होतं." मामा काही बोलले नाहीत. वांगी ठेवली आणि पाच मिनिटांत असा काळा, डोळ्यात झोंबणारा धूर निघाला की सगळे उठून उभे राहिले. वास ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा.

झालं होतं असं की पावसाळ्यात जाळी गंजू नये म्हणून मी सालदाराला सांगितलं होतं, "जाळीला ऑइल मारून ठेव." त्यानं मारलं. नांगराच्या फाळाला, पेरणीयंत्राच्या दात्यांना जे मारतो तेच, इंजिनचं जळकं ऑइल. त्याची काय चूक? आमच्या शेडमध्ये "ऑइल" म्हटलं की तेच. आठ किलो वांगी फेकली. मामा कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन उठले, एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

इंजिनच्या जळक्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण असतात, अर्धवट जळालेल्या इंधनातले कर्करोगाशी संबंध असलेले घटक असतात. एकदा तापलं की ते उडून जातं असं मेकॅनिक सांगतो. उडतं त्यातलं काही, पण उडून जातं ते वरच्या वांग्यातून. खाली उरतं ते जाळीला डांबरासारखं चिकटून. ती जाळी मी भंगारात घातली. खरवडून, जाळून वापरता आली असती का, हा प्रश्न मला आजही लोक विचारतात. दोनशे-तीनशे रुपयांच्या लोखंडासाठी हा विचार कशाला करायचा?

आता मूळ मुद्दा. आग जंतू मारते, हे खरं. पण जाळीवर जंतू ही मोठी अडचण नाहीच. तिथं असतो मागच्या पार्टीतल्या चरबीचा, मसाल्याचा, दह्याचा थर. मधल्या भागात निखारे लाल असतात, तिथला थर जळून भुरा होतो. पण काठ, कोपरे, वेल्डिंगचे जोड कधीच तेवढे तापत नाहीत. तिथली चरबी जळत नाही, नुसती शिजत राहते, खवट होते, काळी पडते. पुढच्या वेळी ती वितळते, निखाऱ्यावर पडते, तिचा धूर वर येऊन अन्नाला बसतो. या धुरात बेंझोपायरीन असतं, चुलीच्या काजळीत असतं तेच. आपण त्याला "स्मोकी चव" म्हणून टाळ्या वाजवतो. लाकडाच्या धुराची चव वेगळी आणि जुन्या चरबीच्या धुराची वेगळी, हे एकदा घासलेल्या जाळीवर वांगं भाजून बघा, तुमचं तुम्हालाच कळेल.

मग जाळी कशाची, हे बघा. निम्म्या मळ्यांवर मी जीआय जाळी बघितलीय. कोंबड्यांच्या पिंजऱ्याची उरलेली, नाहीतर कुंपणाची वेल्डमेश. चकचकीत दिसते, गंजत नाही, म्हणून छान. अहो, गंजत नाही कारण तिच्यावर जस्ताचा मुलामा आहे. जस्त साधारण ४२० अंशाला वितळतं आणि चांगला फुललेला निखारा त्याच्या पुढं सहज जातो. जास्त तापलं तर जस्ताचा पांढरा धूर होतो. हा धूर नाकात गेल्यावर काय होतं ते गावातल्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याला विचारा. जीआय पाइप जोडल्यावर रात्री थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. तापलेलं नसतानाही भानगड आहेच : लिंबू, दही, चिंच लावलेलं काहीही त्या जाळीवर ठेवलं की आंबटपणानं जस्त सुटून अन्नात उतरतं. जुन्या फ्रिजमधली जाळी काढून वापरतात तीही तशीच, एकतर मुलामा दिलेली नाहीतर प्लास्टिक चढवलेली. साधी काळी ८ एमएमची लोखंडी सळई घ्या, चौकट करून वेल्डिंग मारून घ्या. स्टेनलेस परवडत असेल तर ३०४ ग्रेडची घ्या. साधं लोखंड गंजतं ही त्याची खोड नाही, त्याला तेल लावायची आळस ही आपली खोड आहे.

बॅरलचंही तेच. २०० लिटरचं बॅरल कुठून आणलं? खाद्यतेलाचं असेल तर ठीक. केमिकलचं, रंगाचं, औषधाचं असेल तर कितीही धुवा, कितीही जाळा, ते शेगडीला घेऊ नका. आणि ज्वालाग्राही माल होता अशा बंद बॅरलला गॅस कटर लावू नका, आत राहिलेल्या वाफेचा भडका उडतो. शेगडी बनवायच्या नादात माणूस जाईल.

जळणाचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. पेटवायला काय घेतो आपण? मल्चिंगचा फाटका पेपर, ठिबकच्या लॅटरलचे तुकडे, थर्माकोल, पीव्हीसी पाइपचा तुकडा, आणि वर औषधाच्या बाटलीचं खोकं. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती फुप्फुसाला तर खातेच, शेगडीच्या पत्र्यालाही खाते. "शेगडी दोन वर्षांत सडली, पत्रा हलका होता" म्हणणाऱ्यांनी आपण काय जाळलं ते आठवावं. औषधाच्या बाटल्या आणि पाकिटं फोडून वस्तीपासून लांब पुरायची, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे. भाकरीच्या विस्तवात घालायची असं कुठंच लिहिलेलं नाही. रंगवलेली जुनी दारं-खिडक्या, प्लायवूड, हिरवट छटेचे औषध पाजलेले खांब, रेल्वेचे जुने क्रिओसोट पाजलेले स्लीपर (आमच्या भुसावळकडं यांचा फार सोस), एमबी शिक्का असलेले पॅकिंगचे लाकडी पॅलेट, यातलं काहीही अन्नाखाली नको. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एचटी शिक्का असेल तर ते उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं. आणि बांधावरच्या कण्हेरीची काडी पनीर ओवायलाही घेऊ नका, झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

आता कपाशीच्या काड्या. इथं अर्धं गाव माझ्यावर तुटून पडणार, ठाऊक आहे. "काड्यांशिवाय भरीत म्हणजे भरीतच नाही." कबूल, मीही त्यावरच वाढलोय. पण आमच्या आजोबांच्या कपाशीवर किती फवारे होते आणि आपल्या कपाशीवर किती आहेत? २०१७ साली यवतमाळकडं कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. त्याच पिकाच्या काड्या महिन्याभरात वांग्याच्या सालीखाली पेटवायच्या आणि म्हणायचं, काही होत नाही. मी घाबरवत नाहीये. जाळात बरंच मोडून जातं, साल आपण सोलून टाकतो. पण शेवटचा फवारा कधी आणि कशाचा होता हे ज्याला सांगता येत नाही त्यानं त्या काड्या वांग्याखाली घालू नयेत, एवढं साधं आहे. माझ्याकडं तुराट्या आणि बाभूळ वापरतो. बाभळीचा निखारा टिकतो, जाळीवर काजळी कमी धरते. आणि जाता जाता, काड्यांची गंजी वर्षभर "भरिताला लागतील" म्हणून बांधावर रचून ठेवणारे गुलाबी बोंडअळीला फुकट मुक्काम देतात. किडक्या बोंडातली अळी तिथंच थांबून पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते.

बरं, घासायची कशी? सगळ्यात महत्त्वाचं : त्याच रात्री, गरम असताना, आणि ज्यानं पेटवली त्यानंच. आपल्याकडं काय होतं? पुरुष मंडळी भाजतात, फोटो काढतात, खातात, गाड्या काढून निघून जातात. सकाळी ती दगड झालेली चरबी घरातली बाई नाहीतर सालदार घासतो. दोन तास हात दुखवून. मग ते काय करणार? तारेचा ब्रश मारणार, वॉशिंग पावडर ओतणार, फरशीचं ॲसिड मारणार. गरम असताना जे काम दहा मिनिटांचं आहे ते आपण थंड करून दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. मला याची चीड आहे, आणि स्वतःचीही आहे, कारण माझ्या घरात हे कित्येक वर्षं असंच चाललं.

शेवटचं वांगं उतरलं की निखारे जाळीखाली सारखे पसरा, काठापर्यंत. दहा मिनिटं तापू द्या. मग जुन्या उलथण्यानं नाहीतर लोखंडी पट्टीनं सळई न् सळई खरवडा. मोठा कांदा मधोमध कापून काट्याला किंवा लांब सळईला टोचा आणि कापलेली बाजू जाळीवर दाबून घासा. कांद्याच्या पाण्याची वाफ होते, मळ सुटतो. कांद्याला भाव नसतो तेव्हा तरी त्याचा हा उपयोग करा. नारळाचा काथ्या चिमट्यात धरून वापरला तरी चालतो, फक्त ओला करून, नाहीतर पेट घेतो.

तारेचा ब्रश मात्र शेगडीजवळ नको. त्याची तार तुटते, जाळीला चिकटते, पुढच्या घासाबरोबर पोटात जाते. ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेच्या सीडीसीनं २०१२ साली प्रॉव्हिडन्स शहरातल्या अशा सहा रुग्णांची नोंद छापली होती. कुणाच्या घशात तार, कुणाच्या आतड्याला भोक. आपल्याकडं कुणाला असं झालं तर आधी अॅसिडिटीची गोळी मिळेल. पोट दुखतंय आणि आदल्या रात्री भाजलेलं खाल्लंय, ब्रश वापरला होता, तर डॉक्टरांना हे आपण होऊन सांगा.

थर फारच जुना असेल तर आजीची रीत. राख ओली करून जाळीवर थापा, तासभर ठेवा, काथ्यानं घासा. राखेतला क्षार आणि चरबी एकत्र आली की साबणच होतो, भांडी राखेनं घासायचे ते उगाच नाही. हात जळजळतात, हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच विस्तवावर वाळवा. पण राख स्वच्छ लाकडाची हवी. थर्माकोल आणि पाइप जाळलेल्या राखेनं घासणार असाल तर न घासलेली बरी.

घासून झाली की कोमट असतानाच कपड्यानं पुसून शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल अगदी पातळ लावा. बोट फिरवलं तर ओघळ यायला नको. जवसाचं तेल तापून कडक थर धरतं, गंज थांबवतं. फक्त ते घाण्यावरचं, खायचं. रंगाच्या दुकानात मिळतं ते उकळलेलं जवस तेल घेऊ नका, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. आता आमच्या शेडमध्ये शेगडीच्या तेलाची बाटली वेगळी, खिळ्याला टांगलेली. सालदाराला आता "ऑइल" म्हणत नाही, "खायचं तेल" म्हणतो.

राख. यावर कृषी सहाय्यकांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत, कारण "राख टाका, पालाश मिळतो" असं सरसकट सांगितलं जातं. लाकडाच्या राखेत पालाश साधारण ५ टक्के धरा. केळीला झाडामागं २०० ग्रॅम पालाशाची शिफारस आहे. म्हणजे एका झाडाला ४ किलो राख. लाकूड जळून राख उरते वजनाच्या १ ते २ टक्के. मग ४ किलो राखेला २०० ते ४०० किलो लाकूड. एका झाडाला! दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं, करा गुणाकार. नत्र तर राखेत नसतंच, ते धुरातून गेलेलं असतं. उरतो मुख्यतः चुना. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला तो मानवेल. आमच्या काळ्या जमिनीचा सामू आधीच ८ च्या आसपास, तिथं एकाच जागी दर पार्टीची राख ओतत गेलात तर त्या जागेवरची झाडं पिवळी पडतील, लोह आणि जस्त मुळांना मिळणार नाही. युरियात मिसळाल तर अमोनिया होऊन नत्र हवेत जाईल. खतखड्ड्यात पातळ भुरभुरा, लांब-लांब पसरा, आणि कोंबडीची चरबी पडलेली राख टाकाल तिथं उंदीर आणि कुत्री येणार हे धरून चाला.

राख काढायची ती दुसऱ्या दिवशी, लोखंडी घमेल्यात. वरून पांढरी दिसली म्हणून विझली असं नसतं. मी एकदा रात्रीच काढून बांधावर टाकली. पहाटे वारा सुटला. ठिबकच्या चार लॅटरल वितळल्या, शेजाऱ्याची कडब्याची गंजी वीस पावलांवर होती. त्या वीस पावलांचा विचार करून मला अजून झोप उडते. आता पाणी शिंपडतो, दुसऱ्या दिवशी हात लावून बघतो, मगच काढतो. शेगडी तापलेली असताना मात्र तिच्यावर बादली रिकामी करू नका, पत्रा वाकतो, वेल्डिंगला तडा जातो आणि वाफेनं तोंड भाजतं.

पण राख आत ठेवूनही चालत नाही. ओली राख ओल धरून ठेवते, क्षार पत्र्याला चिकटून बसतात, आणि तळ आतून सडतो. बॅरलच्या तळाला दोन-तीन भोकं पाडा, वर दोन इंच कोरडी माती पसरा म्हणजे निखारा थेट पत्र्यावर बसणार नाही. नदीतले गोटे रचू नका, आत पाणी धरलेला गोटा तापून फुटतो आणि कपची डोळ्यात जाते. पावसाळ्यात जाळी काढून शेडमध्ये टांगा. शेगडीवर ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरून जास्त गंजते. वर पत्रा उतरता ठेवा, बाजूनं वारा लागू द्या.

आणि जाळ्या दोन. एक मांसाहाराची, एक वांगी-कणसांची, दांड्याला रंग वेगळा, टांगायची खुंटी वेगळी. "एवढं कशाला, आगीत..." हे मला कुणी सांगू नये. ज्याला चालतं त्यानं खुशाल एकीवर खावं. पण ज्यानं आयुष्यभर माळ पाळली त्याच्या ताटाचा निर्णय आपण परस्पर घ्यायचा नसतो. मी घेतला होता.

परवा मामांना फोन केला, यंदा भरिताला या म्हटलं. येतो म्हणाले. वांगी तुझी, तिखट तुझं, जाळी मी माझी घेऊन येतो म्हणाले.

आणू देत.